विमानसेविकेचा पेशा

परक्या मुलखांतून आलेल्या वस्तूंना व धंद्यांना नांवें देतांना मराठीनें कधीं चातुर्य दाखविलें आहे, तर कधीं नुसता आळस. विमानांतून उतारूंबरोबर जाऊन त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या स्त्रीस आपण ‘हवाई सुंदरी’ असें नांव दिलें, तें मात्र या दोहोंपैकीं कशाचेंच निदर्शक नाहीं. इंग्रजींतील मूळ शब्दाचा अर्थ फार तर ‘आकाशांतील यजमानीण’ असा होईल. यजमानीण सुंदर असलीच पाहिजे, असा दंडक कोणत्याही देशांत नाहीं. आपण यजमानपण सोडून दिलें आणि सौंदर्य तेवढें ठेविलें. रुग्णालयांत काम करणारीस आपण परिचारिका म्हणतों, शाळेंत शिकविणारीस शिक्षिका म्हणतों. ‘रुग्णालयसुंदरी’ किंवा ‘शाळासुंदरी’ असे शब्द कोणी उच्चारले, तर सभ्य गृहस्थ कानांवर हात ठेवतील. विमानांत मात्र तसा शब्द दोन-तीन पिढ्या बिनदिक्कत चालला. अलीकडे ‘विमानसेविका’ हा शब्द रूढ होत आहे, आणि त्या पेशांतील मंडळी स्वतःस ‘केबिन क्रू’ म्हणवितात. परंतु तो जुना शब्द मुळांत आलाच कसा, याचा शोध घेऊं लागलें म्हणजे सबंध पेशाचा इतिहास पुढें उभा राहतो, आणि तो मोठा चमत्कारिक आहे. ज्या कामासाठीं ही स्त्री विमानांत प्रथम चढली तें काम एक. जाहिरातींतून जगाला दाखविलें गेलें तें दुसरेंच. आणि पहिलें काम हेंच खरें, हें मान्य करून घेण्यासाठीं तिला कित्येक वर्षें न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

या इतिहासांत मोठमोठ्या कंपन्यांचीं नांवें वारंवार येतात, तरी त्याचें मर्म लहान, प्रादेशिक कंपन्यांच्या विमानांत अधिक स्पष्ट कळतें, असें आम्हांस वाटतें. प्रादेशिक कंपनी म्हणजे लहान गांवांतील उतारू उचलून मोठ्या शहरीं पोंचविणारी कंपनी. तिचीं विमानें ३०, ५०, फार तर ७० आसनांचीं. उड्डाणें आखूड, कधीं पाऊण तासाचीं. आणि चढउतार दिवसांतून चार-पांच वेळां. अमेरिकेंत काय आणि आपल्याकडे काय, नियम असा आहे कीं, ५० आसनांपर्यंतच्या विमानांत एक सेविका पुरे; पुढें दर ५० आसनांमागें आणखी एक. म्हणजे लहान विमानांत ती अगदीं एकटी. आपल्या एस्. टी.च्या गाडींत कंडक्टर असतो, तशी सगळ्या उतारूंची जबाबदारी तिच्या एकटीच्या शिरावर. भेद इतकाच कीं, कंडक्टरला दोरी ओढून गाडी उभी करवितां येते. वैमानिक दोघे बंद दाराआड असतात. मागें कोणी बेशुद्ध पडला, कोणी दारू पिऊन दांडगाई करूं लागला, कोठें धूर निघाला, तर पहिला हात तिचाच. चहाचा पेला ही त्या कामाची पुरवणी आहे, मुख्य मजकूर नव्हे.

आकाशांत उतारूंची सेवा करणारें पहिलें माणूस पुरुष होतें, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. हाइनरिख कुबिस नांवाचा जर्मन गृहस्थ १९१२ पासून झेपेलिन जातीच्या हवाई जहाजांवर हें काम करीत असे. स्त्रीचा प्रवेश झाला तो १९३० सालीं, आणि तोही एका स्त्रीच्याच हिकमतीनें. एलेन चर्च ही अमेरिकेंतील आयोवा प्रांतांतल्या क्रेस्को गांवची मुलगी. सॅन फ्रान्सिस्को येथें ती रुग्णालयांत परिचारिका होती, आणि हौसेनें विमान चालविण्यासही शिकली होती. बोइंग एअर ट्रान्सपोर्ट या कंपनीच्या कचेरींत ती गेली. वैमानिकाची जागा स्त्रीस मिळणें त्या काळीं अशक्यच होतें. तेव्हां तिनें तेथील व्यवस्थापक स्टीव्ह स्टिम्प्सन यास दुसरी तोड सुचविली: विमानांत परिचारिका ठेवा. उतारू विमानाला भितात, त्यांना मळमळतें, कोणाची प्रकृति बिघडते; अशा वेळीं शिकलेली परिचारिका जवळ असली तर त्यांना धीर येईल. शिवाय पंचविशीच्या आंतील मुली रोज विमानांतून जातात-येतात असें पाहिल्यावर कोणता पुरुष आपली भीति उघड बोलून दाखवील? युक्तिवादाचा हा दुसरा भाग कंपनीच्या अधिक ध्यानांत राहिला असावा. तीन महिन्यांच्या बोलीनें आठ परिचारिका घेण्यांत आल्या, आणि १५ मे १९३० रोजीं चर्चबाई सॅन फ्रान्सिस्कोजवळील ओकलंडहून शिकागोकडे जाणाऱ्या विमानांत चढल्या. विमानांत १४ उतारू. प्रवास २० तासांचा. वाटेंत मुक्काम १३.

त्या आठजणींचीं कामें वाचलीं तर ‘सुंदरी’ हा शब्द ओठांवर येत नाहीं. उतारूंचें सामान चढवावयाचें; खुर्च्या जमिनीला घट्ट बसविल्या आहेत कीं नाहींत तें पाहून सैल झालेले स्क्रू आवळावयाचे; घड्याळांना किल्ली द्यावयाची; माशा मारावयाच्या; प्रसंगीं इंधन भरण्यास हातभार लावावयाचा, आणि उतरल्यावर वैमानिकांबरोबर विमान ढकलून कोठारांत न्यावयाचें. शौचकूपाचें दार समजून कोणी बाहेरचें दार उघडीत नाहीं ना, यावर डोळा ठेवावयाचा. जवळ आगगाड्यांचें वेळापत्रक ठेवावयाचें. कारण हवा बिघडून विमान भलत्याच रानांत उतरलें, तर उतारूंना जवळच्या स्टेशनावर नेऊन गाडींत बसवून देणें हेंही तिचेंच काम. पगार महिन्यास १२५ डॉलर. अटी मात्र नाजूक होत्या: वय पंचविशीच्या आंत, उंची ५ फूट ४ इंचांपेक्षां अधिक नको, वजन ११५ पौंडांच्या आंत, आणि लग्न झालेलें नसावें. उंची व वजन यांना तेव्हां कारण होतें, कारण विमान ठेंगणें आणि ओझ्याचा हिशेब काटेकोर. वयाला व लग्नाला काय कारण होतें? घरीं वाट पाहणारा नवरा कंपनीस पत्रें लिहून सतावील, अशी भीति तेव्हां सांगितली जात असे. विमानें पुढें मोठीं झालीं, भक्कम झालीं. वजनाच्या अटीचें कारण नाहींसें झालें, परंतु अट राहिली. कारण मेल्यावरही नियम जिवंत राहतो, हा कचेऱ्यांच्या व्यवहारांतील नेहमींचा अनुभव आहे.

युरोपांत हा प्रघात स्वित्झर्लंडनें उचलला. स्विसएअर कंपनीची नेली डीनर ही युरोपची पहिली विमानसेविका. १९३४ सालीं ती कामावर लागली, आणि त्याच वर्षीं २७ जुलै रोजीं जर्मनींत टुटलिंगेन गांवाजवळ तिचें विमान कोसळलें. आंतील १२ माणसांपैकीं एकही वांचलें नाहीं. पेशा जन्मून जेमतेम चार वर्षें झालीं, तोंच त्यांत किती जोखीम आहे हें असें दिसलें. दुसरें महायुद्ध आलें, तेव्हां अमेरिकेंतील परिचारिका सैन्याकडे गेल्या. चर्चबाई स्वतः सैन्याच्या परिचारिका-पथकांत गेल्या व जखमी शिपायांना विमानांतून नेण्याच्या कामगिरीबद्दल त्यांना पदक मिळालें. परिचारिका मिळेनाशा झाल्या म्हणून कंपन्यांनीं ती अट काढून टाकली, आणि येथें या पेशाच्या इतिहासाला वांक मिळाला. ज्या एका अटीमुळें हें काम म्हणजे विद्या व कौशल्य यांचें काम ठरत होतें तीच गेली. वय, वजन, चेहरा आणि कौमार्य एवढ्या अटी मागें उरल्या.

युद्ध संपतां संपतां, १९४५ सालीं, युनायटेड कंपनींतील सेविकांनीं एडा ब्राउन हिच्या पुढाकारानें आपला पहिला संघ काढला. कामाच्या तासांस मर्यादा हवी, पगार वाढावा, इतक्याच त्यांच्या मागण्या होत्या. पुढें १९४७ सालीं एडा ब्राउनचें लग्न झालें आणि नियमाप्रमाणें तिला नोकरी सोडावी लागली. संघाची अध्यक्षा लग्नाच्या मंडपांतून थेट बेकार! पुरुषांच्या कोणत्या संघांत असा प्रसंग आला असेल?

आतां ज्या प्रादेशिक कंपनीसाठीं आम्ही मुख्यतः लेखणी हातीं घेतली, तिच्याकडे वळूं. न्यूयॉर्क संस्थानाच्या अंतर्भागांत इथाका नांवाचें विद्यापीठाचें गांव आहे. तेथें १९४५ सालीं रॉबिन्सन एअरलाइन्स ही लहानशी कंपनी निघाली, व १९५२ पासून ती ‘मोहॉक’ या नांवानें ओळखली जाऊं लागली. आसपासच्या लहान शहरांना न्यूयॉर्कशीं जोडणें एवढाच तिचा व्याप. त्या काळीं अमेरिकेंतील एकाही कंपनीनें कृष्णवर्णीय स्त्रीला सेविका म्हणून घेतलेलें नव्हतें. रूथ कॅरोल टेलर ही शिकलेली परिचारिका. ट्रान्स वर्ल्ड या बड्या कंपनीकडे तिनें अर्ज केला. तो नाकारण्यांत आला. तिनें न्यूयॉर्कच्या भेदभाव-निवारण मंडळाकडे तक्रार नेली. अशांतच मोहॉक कंपनीनें जाहीर केलें कीं, आम्हांस कृष्णवर्णीय सेविका पाहिजेत. सुमारें ८०० अर्ज आले, आणि त्यांतून टेलरबाईंची निवड झाली. ११ फेब्रुवारी १९५८ रोजीं इथाकाहून न्यूयॉर्कला निघालेल्या विमानांत त्यांनीं प्रथम काम केलें.

बड्या कंपन्यांना जें धाडस झालें नाहीं तें एका आडगांवच्या कंपनीनें केलें, याबद्दल मोहॉकचें श्रेय कोणी हिरावून घेऊं नये. लहान कंपनीला नांव हवें असतें, माणसें हवीं असतात, आणि बड्यांचे संकेत मोडण्यांत तिचें गमावण्यासारखें थोडें असतें. पण हेतु मिश्र असला म्हणून कृत्य लहान ठरत नाहीं. पुढची हकीकत मात्र मन विषण्ण करणारी आहे. अवघ्या सहा महिन्यांनीं टेलरबाईंना ही नोकरी सोडावी लागली. रंगामुळें नव्हे, लग्नामुळें! ज्या कंपनीनें रंगाची भिंत पाडली, तिनेंच लग्नाची भिंत जागच्या जागीं ठेविली होती. पुष्कळ वर्षांनीं टेलरबाईंनीं सांगितलें कीं, जन्मभर विमानांत काम करण्याची हौस आपणांस कधींच नव्हती. ती बंदी तेवढी मोडावयाची होती. म्हणजे त्यांचें काम पहिल्याच फेरींत पुरें झालें होतें, असें म्हटलें तरी चालेल. त्यांच्या मागून पॅट्रिशिया बँक्स हिनें कॅपिटल एअरलाइन्सविरुद्ध त्याच मंडळाकडे दाद मागितली व १९६० सालीं मंडळाचा निर्णय तिच्या बाजूनें झाला.

याच मोहॉक कंपनीनें १९६० च्या सुमारास काय केलें, तें पाहण्यासारखें आहे. तिच्याजवळ डीसी-३ जातीचीं जुनीं, हळू चालणारीं विमानें होतीं. वेगांत स्पर्धा करणें शक्य नव्हतें, म्हणून तिनें ‘गॅसलाइट’ नांवाची नवी सेवा काढली. विमानाच्या आंत मखमली पडदे लाविले, खोटे गॅसचे दिवे टांगले, जुन्या काळच्या दिवाणखान्याचा थाट केला, आणि फक्त पुरुष उतारूंना प्रवेश ठेवून त्यांना बीअर व चिरूट देऊं केले. सेविकांना १८९० च्या काळांतील नाटकशाळेंतल्या नटींसारखे पोशाख घालण्यांत आले. विमान तेंच, काम तेंच, आपत्तींत दार उघडण्याची जबाबदारीही तीच. पुढें मोठ्या कंपन्यांनीं तोकडे पोशाख, सूचक जाहिराती यांचा जो बाजार मांडला, त्याची लहान प्रतिमा या जुनाट विमानांत आधींच पाहावयास मिळते. आपल्याकडे ‘हवाई सुंदरी’ हा शब्द जाहिरातींच्या अशाच हवेंत वाढला. मोहॉक १९७२ सालीं अलेघेनी कंपनींत विलीन झाली, आणि तो दिवाणखाना तिच्याही आधींच मोडला होता.

भिंत पडली ती न्यायालयांत. १९६४ सालीं अमेरिकेंत नागरिक हक्कांचा कायदा झाला व नोकरींत स्त्री-पुरुष असा भेद करण्यास मनाई झाली. त्या कायद्याखालीं पहिल्यापहिल्यानें तक्रारी घेऊन येणाऱ्यांत विमानसेविका पुष्कळ होत्या. मेरी स्प्रोगिस हिला लग्न केल्याबद्दल युनायटेड कंपनीनें १९६६ सालीं काढून टाकलें होतें. १९७१ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो नियम बेकायदा ठरविला. परंतु त्याच वर्षींचा दुसरा खटला आम्हांस अधिक मार्मिक वाटतो, आणि गंमत अशी कीं, तो एका पुरुषाचा होता. सेलिओ डियाझ या गृहस्थास पॅन अमेरिकन कंपनींत हें काम पाहिजे होतें. पुरुष म्हणून त्यास नाकारण्यांत आलें. कंपनीनें एरिक बर्न या प्रसिद्ध मानसोपचारतज्ज्ञाची साक्ष काढली: बंद डब्यांत बसलेल्या उतारूंच्या मनाला स्त्रीच्या सान्निध्यानें जो दिलासा मिळतो तो पुरुषाच्या मिळत नाहीं. खालच्या न्यायाधीशांना हें पटलें. वरच्या न्यायालयानें मात्र सांगितलें कीं, विमान कंपनीच्या धंद्याचें सार उतारूंना सुरक्षितपणें पोंचविणें हें आहे. मन रिझविणें ही गोष्ट आनुषंगिक होय. स्त्रियांच्या पेशाचें खरें स्वरूप कायद्यानें स्पष्ट बोलून दाखविलें, तें एका पुरुषाच्या खटल्यांत!

न्यायालयानें जें शब्दांत सांगितलें, त्याचा प्रत्यय पुढें दोन प्रादेशिक विमानांत अतिशय कठोर रीतीनें आला. ४ एप्रिल १९७७ रोजीं सदर्न एअरवेजचें एक विमान हंट्सव्हिलहून अटलांटाकडे जात असतां गारांच्या वादळांत सांपडलें व त्याचीं दोन्ही एंजिनें बंद पडलीं. आंत ८५ माणसें होतीं. विमान आतां कोठें व कसें उतरणार, याची कसलीही सूचना वैमानिकांकडून सेविकांस मिळाली नाहीं. त्यांना तेवढी उसंतच नव्हती. दोघी सेविकांनीं एंजिनांचा आवाज थांबलेला ऐकला आणि आपल्या आपण उतारूंना सांवरून बसण्याची, दारें कशीं उघडावयाचीं याची समज दिली. विमान जॉर्जिया संस्थानांत एका रस्त्यावर उतरून फुटलें, पेटलें. आंतील साठाहून अधिक माणसें गेलीं. जीं वांचलीं त्यांत या दोघी होत्या.

दुसरी घटना २१ ऑगस्ट १९९५ ची. अटलांटिक साउथईस्ट या प्रादेशिक कंपनीचें एंब्राएर जातीचें लहान विमान अटलांटाहून मिसिसिपींतील गल्फपोर्टकडे निघालें. उतारू २६, वैमानिक दोन, सेविका एक. विमान सुमारें १८ हजार फुटांवर असतां डाव्या पंख्याचें एक पातें तुटून गेलें, एंजिनाचें आवरण उलटेंपालटें होऊन पंखावर लोंबकळूं लागलें, आणि विमान उंची राखीना. पातें तुटल्यापासून भूमीस लागेपर्यंत एकंदर नऊ मिनिटें व वीस सेकंद गेलीं. या अवधींत वैमानिकांचें व सेविकेचें बोलणें झालें तें अगदीं त्रोटक: आपण परत फिरत आहोंत, उतारूंना तयार करा. किती वेळ उरला आहे हें तिला कोणीं सांगितलें नाहीं. ती पुढून मागें एकेका उतारूपाशीं गेली. डोकें कोठें ठेवावयाचें, हात कोठें धरावयाचे हें तिनें प्रत्येकाकडून करवून घेतलें. घोकलेली सूचना म्हणून दाखविली असें नाहीं, तर चुकलें तर पुन्हां करावयास लाविलें. बाहेर पडण्याच्या दारांपाशीं बसलेल्यांना तीं कशीं उघडावयाचीं तें सांगितलें. हें करीत असतांच तिला खिडकींतून झाडांचे शेंडे दिसले. ती आपल्या आसनाकडे धांवली आणि ओरडून सर्वांना खालीं वाकावयास सांगत राहिली.

विमान कॅरोल्टन गांवाजवळ एका शेतांत आदळलें. त्या आदळण्यानें एकही माणूस लगेच मेलें नाहीं, ही लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. मग आग लागली, आणि २९ पैकीं नऊजण तींत भाजून गेले. त्यांत मुख्य वैमानिकही होता. सेविका स्वतः जखमी झाली होती. तशा स्थितींत तिनें उतारूंना विमानापासून दूर नेलें, एकाच्या अंगावरची आग विझविली. अपघाताची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळानें आपल्या अहवालांत तिच्या कामाची मुद्दाम वाखाणणी केली, आणि वैमानिकांनीं सेविकेस उरलेला वेळ कळवीत जावा, याचीही चर्चा केली. सहासष्ट वर्षांपूर्वीं नव्हे, पण पासष्ट वर्षांपूर्वीं खुर्च्यांचे स्क्रू आवळीत फिरणाऱ्या त्या आठ परिचारिका, आणि ही एकटी स्त्री, यांच्या कामांत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं.

कायद्यानें या कामाला प्रमाणपत्राचा मान दिला तो अमेरिकेंत २००४ च्या अखेरीस. विश्रांतीचा प्रश्न त्याहून रेंगाळला. १२ फेब्रुवारी २००९ रोजीं बफेलो शहराजवळ कोल्गन या प्रादेशिक कंपनीचें विमान पडून ५० माणसें दगावलीं. वैमानिकांच्या थकव्याचा प्रश्न ऐरणीवर आला, आणि त्यांच्या विश्रांतीचे नवे नियम २०१४ पासून अमलांत आले. त्या विमानांत दोन सेविकाही मेल्या होत्या. परंतु नव्या नियमांत सेविकांचें नांव नव्हतें. दोन कामांच्या मध्यें त्यांना किमान दहा तास विश्रांति द्यावी असा कायदा २०१८ सालीं झाला, व त्याचा नियम होण्यास २०२२ साल उजाडलें. पगाराची तऱ्हा आणखीच निराळी. अमेरिकेंत पगार मोजण्याची रूढि अशी कीं, विमानाचें दार बंद झाल्यावर घड्याळ सुरू व्हावयाचें. उतारू आंत येत आहेत, पेट्या कोंबीत आहेत, भांडत आहेत, तो सर्व वेळ फुकटचा! लांब पल्ल्याच्या विमानांत हें दिवसांतून एकदां घडतें. प्रादेशिक विमानांत चार-पांचदां. डेल्टा या बड्या कंपनीनें जून २०२२ पासून या वेळाचा निम्म्या दरानें मोबदला देण्यास आरंभ केला, आणि ती गोष्ट तेव्हां वृत्तपत्रांत बातमी म्हणून छापून आली, यावरून जुन्या रूढीचें वजन ध्यानांत येईल.

आपल्या देशाची कथा याहून फार निराळी नाहीं. एअर इंडियाचें पहिलें आंतरराष्ट्रीय विमान ८ जून १९४८ रोजीं मुंबईहून कैरो व जिनीव्हा या मार्गें लंडनला निघालें. १९५३ सालीं विमान कंपन्यांचें राष्ट्रीयीकरण होऊन देशांतर्गत आठ कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. मालक सरकार झालें, पण नियम पश्चिमेचेच राहिले. एअर इंडियाच्या नियमाप्रमाणें सेविकेनें वयाची ३५ वर्षें भरतांच, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न झाल्यास त्या वेळीं, किंवा पहिल्या गरोदरपणीं, यांपैकीं जें आधीं घडेल तेव्हां निवृत्त व्हावें. व्यवस्थापकीय संचालकांची मर्जी असल्यास मुदत ४५ पर्यंत वाढे. त्याच विमानांत, बऱ्याच अंशीं तेंच काम करणारे पुरुष मात्र ५८ व्या वर्षापर्यंत राहत. नर्गेश मिर्झा व त्यांच्या सहकारिणी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, आणि २८ ऑगस्ट १९८१ रोजीं निकाल लागला.

हा निकाल वाचतांना मन दोन बाजूंना ओढलें जातें. गरोदरपणाबद्दल काढून टाकण्याचा नियम न्यायमूर्ति फझल अली यांनीं अत्यंत कडक शब्दांत धिक्कारला व रद्द केला. सुसंस्कृत समाजाला तो लांछनास्पद होय असाच त्याचा आशय होता. संचालकांची मर्जीही रद्द झाली. पण चार वर्षें लग्न न करण्याची अट योग्य ठरली, आणि तिच्या समर्थनार्थ कुटुंबनियोजनाचेंही कारण देण्यांत आलें! पहिल्या गरोदरपणाऐवजीं तिसऱ्या गरोदरपणाची मर्यादा घालण्यास न्यायालयाची हरकत दिसली नाहीं. स्त्री आणि पुरुष यांच्या नोकरीच्या श्रेणी निराळ्या, म्हणून समतेचा प्रश्नच उद्भवत नाहीं, असाही निर्णय झाला. परंतु त्या श्रेणी निराळ्या कोणीं केल्या होत्या? अमेरिकेंतील न्यायालयानें दहा वर्षांपूर्वीं जो प्रश्न विचारला होता कीं, या धंद्याचें सार काय, तो येथें विचारलाच गेला नाहीं.

त्याचें उत्तर पांच वर्षांनीं एका मुंबईच्या मुलीनें दिलें. ५ सप्टेंबर १९८६ रोजीं मुंबईहून निघालेलें पॅन अमेरिकनचें विमान कराचीच्या विमानतळावर अतिरेक्यांनीं धरलें, तेव्हां वैमानिक बाहेर पडले आणि विमानांत नीरजा भनोट ही सर्वांत वरिष्ठ सेविका उरली. गोळीबार सुरू होतांच तिनें आपत्कालीन दार उघडलें, उतारूंना बाहेर काढलें, आणि स्वतः गोळ्यांना बळी पडली. तेविसावें वर्ष पुरें व्हावयास तिला दोन दिवस उरले होते. अशोकचक्र मिळालेली ती पहिली स्त्री.

त्यानंतरही नियमांचे खटले चालूच राहिले. सेविकांनीं विमानांतून ५० व्या वर्षीं उतरावें ही अट २००३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कायम ठेविली. आणि विमानांतील कर्मचाऱ्यांवर पर्यवेक्षक म्हणून स्त्रियांनाही नेमतां येईल हें नोव्हेंबर २०११ मध्यें मान्य केलें. तोंपर्यंत ही जागा पुरुषांसाठींच राखलेली होती, म्हणजे पंचवीस वर्षें काम केलेल्या बाईवर तिच्याहून नवखा पुरुष हुकमत चालवूं शके.

इकडे लहान गांवांचीं विमानें आपल्याही मुलखांत येऊं लागलीं आहेत. ९ ऑक्टोबर २०२१ रोजीं सिंधुदुर्गांत चिपीच्या माळावर मुंबईहून प्रवासी विमान उतरलें, तें अलायन्स एअर या प्रादेशिक कंपनीचें होतें, एटीआर जातीचें. या जातीच्या विमानांत ७० च्या आसपास आसनें असतात, म्हणून नियमाप्रमाणें सेविका दोन. उतारूंचें दार शेपटीकडे असतें. लहान शिडीवरून चढून आंत वाकलें कीं, त्या दारापाशीं पहिल्यानें दिसते ती सेविका, आणि तिच्या हाताशीं असते तें दार उघडण्याची मूठ.